जुन्या खूनसत्राचा तपास पुन्हा कसा उभा करायचा

तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या खुनांच्या फाइली हातात आल्या की बहुतेक जण आधी जुन्या संशयितांची नावं वाचत बसतात. तसं करू नका. सुरुवातीचे काही आठवडे नावांना हातच लावायचा नाही. मुद्देमाल कुठे आहे, किती उरलाय आणि कोणत्या स्थितीत आहे, एवढाच शोध घ्यायचा. संशयितांची यादी कधीही करता येते. वाळून चुरा झालेला कापसाचा बोळा मात्र परत मिळत नाही.

हे सगळं समजावून घ्यायला कॅलिफोर्नियातल्या ‘गोल्डन स्टेट किलर’चं प्रकरण सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यात योग्य पावलंही दिसतात आणि चुकाही. १९७६ पासून सॅक्रामेंटो शहराच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत रात्री घरात शिरून बलात्कार होऊ लागले. १९७९ च्या अखेरीपासून दक्षिणेकडे सांता बार्बरा, व्हेंचुरा आणि ऑरेंज या परगण्यांत जोडप्यांचे खून झाले. शेवटचा खून १९८६ मध्ये अर्व्हाइनला झाला. एकूण तेरा खून आणि जवळपास पन्नास बलात्कार. २४ एप्रिल २०१८ रोजी सिट्रस हाइट्समधल्या राहत्या घरून जोसेफ जेम्स डीअँजेलो या ७२ वर्षांच्या माजी पोलिसाला अटक झाली.

मुद्देमालाची मोजदाद

प्रत्येक खुनासाठी चार कागद समोरासमोर ठेवा: घटनास्थळाच्या पंचनाम्यातली यादी, प्रयोगशाळेला पाठवलेली पत्रं, कोर्टाच्या पावत्या आणि नष्ट केलेल्या मुद्देमालाची नोंदवही. एकेक वस्तू अनुक्रमांकासह या चारही कागदांतून ओढत न्यायची. पंचनाम्यात आहे, प्रयोगशाळेत गेल्याची नोंद आहे, पण परत आल्याची नाही, अशा वस्तूवर लाल खूण करा. सर्वांत चांगले शोध याच लाल खुणांमधून लागतात.

शोध फक्त पोलिसांच्या मालखान्यात घेऊन भागत नाही. प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये जुन्या चाचणीतून उरलेल्या अर्काच्या नळ्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या काचपट्ट्या तिथल्याच कपाटात पडून असतात, आणि आच्छादनकाचेखाली दबलेल्या शुक्राणूंमध्ये दशकांनंतरही डीएनए टिकलेला सापडतो. शवविच्छेदन करणाऱ्या खात्याकडे मेणात बसवलेले ऊतींचे ठोकळे असतात. व्हेंचुरामधल्या १९८० च्या दुहेरी खुनात असंच घडलं. तिथले शवविच्छेदन करणारे डॉक्टर बलात्काराच्या नमुन्यांचे दोन संच घेत असत, एक तपासासाठी आणि एक राखीव. तो राखीव संच जवळपास चार दशकं फ्रीजरमध्ये जवळजवळ अस्पर्श राहिला आणि आरोपीपर्यंत नेणारा डीएनए त्यातूनच भरपूर निघाला. उत्तरेकडच्या अनेक बलात्कार प्रकरणांचे नमुने मात्र खटल्याची मुदत संपली म्हणून आधीच नष्ट झाले होते. मुदत संपलेल्या गुन्ह्याचा नमुना मुदत न संपणाऱ्या गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतो, हा विचार त्या वेळी कुणी केला नाही.

पाकीट उघडण्याआधी सील, सही आणि तारखेसह चारही बाजूंनी फोटो घ्या. एका वेळी एकच वस्तू टेबलावर ठेवा, खाली नवा कागद, तोंडाला मास्क, दुहेरी हातमोजे, आणि प्रत्येक वस्तूनंतर वरचा हातमोजा बदला. पीडितेचे कपडे आणि संशयिताचे कपडे एकाच दिवशी एकाच खोलीत उघडू नका. पुन्हा बांधताना कागदी पाकीट वापरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते, बुरशी धरते आणि जंतू डीएनए खाऊन टाकतात. १९८० च्या आसपास पोलीस, फोटोग्राफर, न्यायवैद्यक सगळेच उघड्या हातांनी वस्तू हाताळत. त्यामुळे त्यांच्यापैकी जे हयात असतील त्यांचे डीएनए नमुने आधीच घेऊन ठेवा. नाहीतर ‘अनोळखी पुरुष’ म्हणून महिनोन्‌महिने ज्याच्या मागे धावाल तो पहिल्या दिवशी घटनास्थळी आलेला हवालदार निघेल.

एक नियम लेखी करून ठेवा: शक्य असेल तिथे नमुन्याचा निम्मा भाग राखून ठेवायचा. सगळा नमुना संपवणारी चाचणी करायचीच असेल तर सरकारी वकिलाची लेखी संमती आधी घ्यायची. २००० साली जे जमत नव्हतं ते २०१८ मध्ये जमलं. आज ज्याच्यातून काही निघत नाही त्यातून दहा वर्षांनी निघू शकेल.

खून एकमेकांशी जोडताना

‘हे सगळं एकाच माणसाचं काम आहे’ हे गृहीतक आहे, आणि प्रत्येक खुनासाठी ते वेगळं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी मोठा तक्ता करा. आडव्या ओळीत प्रकरणं. उभ्या रकान्यांत तारीख, वार, वेळ, आत शिरण्याची जागा, दार किंवा खिडकी उघडण्याची रीत, बांधायला वापरलेली दोरी त्याने आणली की घरातलीच, गाठीचा प्रकार, हत्यार, नेलेल्या वस्तू, बुटाचा ठसा, बोललेले शब्द आणि आदल्या आठवड्यात आलेले निनावी फोन. रकाना भरताना मूळ जबाबाचा पान क्रमांक लिहा. नंतरच्या अहवालात सारांश म्हणून आलेलं वाक्य ग्राह्य धरू नका, कारण सारांश लिहिणाऱ्याच्या डोक्यात तोवर एक कथा तयार झालेली असते.

मग प्रत्येक साम्याला विचारा: हे किती दुर्मीळ आहे? रात्री मागच्या दाराने शिरणं, घरातल्यांना बांधणं, टॉर्च वापरणं हे शेकडो घरफोड्यांत दिसतं. पण पालथ्या बांधलेल्या नवऱ्याच्या पाठीवर कपबश्या रचून ‘वाजल्या तर दोघांना मारीन’ अशी धमकी देणं फारच विरळ. दहा सामान्य साम्यांपेक्षा असं एक साम्य अधिक वजनदार असतं.

जोडणीच्या तीन पायऱ्या ठेवा आणि त्या कधी मिसळू देऊ नका. पहिली, डीएनएने जोडलेली प्रकरणं. दुसरी, गोळी, दोरी, बुटाचा ठसा अशा भौतिक पुराव्याने जोडलेली. तिसरी, फक्त वर्तनाच्या साम्याने जोडलेली. कॅलिफोर्नियात ऑरेंज परगण्याच्या प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात दक्षिणेतले काही खून डीएनएने एकमेकांशी जोडले. २००१ मध्ये उत्तरेतले बलात्कार आणि दक्षिणेतले खून एकाच माणसाचे असल्याचं सिद्ध झालं. गोलेटामधला १९८१ चा दुहेरी खून डीएनएने जोडला गेला तो थेट २०११ मध्ये. काही खून मात्र अटकेपर्यंत तिसऱ्याच पायरीवर होते. तिसऱ्या पायरीवरचं प्रकरण पहिल्या पायरीवर असल्यासारखं वागवलं की संशयिताला निर्दोष ठरवणारी तारीखसुद्धा खोटी वाटू लागते, किंवा खरा गुन्हेगार भलत्याच प्रकरणातल्या हजेरीमुळे सुटून जातो.

हद्दीची अडचणही इथेच येते. पोलीस दलं वेगळी, प्रयोगशाळा वेगळ्या, नोंदी ठेवण्याच्या पद्धती वेगळ्या. तक्ता एकाच ठिकाणी ठेवा, पण मूळ फाइल ज्या त्या ठाण्याकडे राहू द्या आणि प्रत्येक ठाण्यातला एक माणूस पथकात घ्या. पत्रव्यवहाराने हे काम होत नाही.

डीएनएने जोडलं म्हणजे विषय संपला, असंही नाही. जर्मनीत ‘हाइलब्रॉनची अज्ञात स्त्री’ म्हणून ओळखली जाणारी एक गुन्हेगार वर्षानुवर्षं शोधली जात होती. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या चाळीस घटनास्थळांवर एकाच स्त्रीचा डीएनए सापडला होता. त्यात २००७ मधला हाइलब्रॉनच्या महिला पोलिसाचा खूनही होता. २००९ मध्ये कळलं की तो डीएनए नमुने घ्यायचे कापसाचे बोळे कारखान्यात हाताळणाऱ्या एका कामगार स्त्रीचा होता. बोळे निर्जंतुक होते, पण निर्जंतुक करण्याने डीएनए नाहीसा होत नाही. म्हणून प्रत्येक संचातला एक कोरा बोळा तपासा, एकाच खोक्यातले बोळे कोणकोणत्या प्रकरणांत वापरले याची नोंद ठेवा. आणि गुन्ह्यांची पद्धत, जागा, बळी यांत काहीच मेळ नसताना फक्त डीएनए जुळत असेल, तर प्रयोगशाळेकडे आधी पाहा.

उलटा घोटाळाही होतो. १९८० च्या दशकात दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये स्त्रियांचे खून एकाच खुन्याच्या नावावर टाकले जात होते. प्रत्यक्षात त्या भागात एकाच काळात एकाहून अधिक खूनसत्रं चालू होती.

चाचण्यांचा क्रम

आधी डीएनए किती आहे ते मोजा, मगच चाचणी निवडा. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे एक नॅनोग्रॅमसाठी साधारण दीडशे पेशी लागतात. नेहमीच्या एसटीआर चाचणीला (डीएनएवरच्या ठरावीक ठिकाणी छोटा तुकडा किती वेळा पुन्हा येतो ते मोजणाऱ्या) अर्धा ते एक नॅनोग्रॅम पुरतो. डीएनएवरून नातेवाईक शोधून वंशावळ बांधायची तर एसएनपी चिप लागते, म्हणजे डीएनएच्या लाखो ठिकाणचं एकेक अक्षर वाचणारी. तिच्यासाठी उत्पादक साधारण २०० नॅनोग्रॅम मागतात. नमुना तेवढा नसेल किंवा फार तुटलेला असेल तर संपूर्ण जनुकीय वाचनाचा मार्ग घ्यावा लागतो. तो महाग असला तरी फार कमी डीएनएवर चालतो.

बलात्काराच्या नमुन्यात स्त्रीच्या पेशी आणि शुक्राणू मिसळलेले असतात. आधी सौम्य द्रावणाने स्त्रीच्या पेशी फोडून तो अंश बाजूला काढतात. शुक्राणूचं कवच कडक असल्याने ते टिकतं. मग वेगळ्या रसायनाने ते फोडून दुसरा अंश घेतात. जुन्या नमुन्यांत अनेक शुक्राणू आधीच फुटलेले असतात आणि पुरुषाचा डीएनए पहिल्या अंशात वाहून जातो. त्यामुळे पहिला अंश फेकू नका.

एसटीआरचा आराखडा आधी गुन्हेगारांच्या माहितीसाठ्यात टाकून पाहायचा. अमेरिकेच्या कोडिस साठ्यात १९९८ पासून तेरा आणि २०१७ पासून वीस ठिकाणं तपासली जातात. डीअँजेलो त्यात सापडणं शक्यच नव्हतं, कारण त्याचा नमुना कधी घेतलाच गेला नव्हता. वीस ठिकाणांच्या आकड्यांवरून तोच माणूस आहे का हे कळतं, दूरचा नातेवाईक ओळखता येत नाही. नात्यासाठी सहा-सात लाख ठिकाणं वाचावी लागतात. अमेरिकेच्या न्याय खात्याचा नोव्हेंबर २०१९ पासूनचा नियमही हाच क्रम सांगतो: आधी कोडिस, तिथे काही मिळालं नाही तरच वंशावळ, आणि तीही गंभीर हिंसक गुन्ह्यांसाठी.

वंशावळ बांधणं

नातेवाईक शोधायला लोक स्वतःचा डीएनए ज्यांत टाकतात, त्या जीइडीमॅच किंवा फॅमिलीट्रीडीएनए अशा साठ्यात एसएनपीची फाइल टाकली की नमुन्याशी डीएनए वाटून घेणाऱ्यांची यादी येते. किती डीएनए समान आहे याचं मोजमाप सेंटिमॉर्गन या एककात असतं. आईबाप आणि मूल यांच्यात सुमारे ३४०० ते ३५०० सेंटिमॉर्गन समान असतात, सख्ख्या भावंडांत सुमारे २६००, आजोबा समान असलेल्या चुलत-आते-मामे-मावस भावंडांत सुमारे ८७०, पणजोबा समान असतील तर सुमारे २३०, खापरपणजोबा समान असतील तर सुमारे ७५. त्यापुढे आकडा इतका घसरतो की अंदाजच उरतो. खापरपणजोबा समान असलेल्या दहा जोड्यांपैकी एकीत तर समान तुकडा सापडतच नाही.

कृती अशी. वरच्या वीस-पंचवीस जुळण्या घ्या. कोण कोणाशी जुळतं ते पाहून त्यांचे गट पाडा. एक गट म्हणजे साधारणपणे एकच पूर्वज जोडपं. जन्म, लग्न, मृत्यू, जनगणना आणि मृत्युलेख यांच्या नोंदींवरून प्रत्येक जुळणीचं झाड वर चढवत न्या, गटातल्या सगळ्यांचा समान पूर्वज मिळेपर्यंत. मग तिथून खाली उतरा आणि सगळी मुलं, नातवंडं, पतवंडं लिहून काढा. प्रत्येक माणसाला खापरपणजोबा-खापरपणजींच्या पिढीत सोळा पूर्वज असतात, म्हणजे आठ जोडपी. दोन वेगळ्या गटांची झाडं जिथे एका लग्नाने एकत्र येतात, त्या लग्नाची मुलं म्हणजे तुमची खरी यादी. वर चढणं सोपं असतं. खाली उतरताना मात्र वेळ जातो, कारण मुलींची आडनावं बदलतात, कुटुंबं दुसऱ्या राज्यांत जातात आणि हयात माणसांच्या नोंदी बंद असतात.

गोल्डन स्टेट प्रकरणात तपास अधिकारी पॉल होल्स, एफबीआय आणि वंशावळतज्ज्ञ बार्बरा रे-व्हेंटर यांच्या पथकाला सुरुवातीला दूरचीच नाती मिळाली. पूर्वज एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे न्यावे लागले आणि झाडांत हजाराच्या घरात माणसं आली. मग चाळणी लावली: पुरुष, १९७० च्या दशकात तरुण, त्या त्या वर्षी कॅलिफोर्नियात वास्तव्य. डीएनएवरून डोळे निळे असावेत असाही अंदाज निघाला होता, त्यानेही यादी आखडली.

त्याआधीची २०१७ मधली चूक लक्षात ठेवण्यासारखी आहे. फक्त वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या काही खुणा, त्यातली एक दुर्मीळ, एका साठ्यातल्या नोंदीशी जुळल्या. त्यावरून ओरेगनमधल्या एका शुश्रूषागृहातल्या वृद्धाचा कोर्टाच्या आदेशाने नमुना घेतला गेला. त्याचा काहीच संबंध नव्हता. मोजक्या वाय खुणा शेकडो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या शाखांतही जुळतात. त्यांच्या आधारे कोणाला वगळता येतं, पण कोणाच्या दारात उभं राहता येत नाही.

झाड चुकतं ते बहुधा दत्तक मुलं, लपवलेलं पितृत्व आणि जवळच्या नात्यातली लग्नं यांमुळे. शेवटचं कारण आपल्या लोकांना नीट कळेल. मामेबहिणीशी लग्न झालेलं असेल, किंवा पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीत, मोजक्या गावांत सोयरिक होत असेल, तर दोन दूरचे नातेवाईक अनेक वाटांनी जोडलेले असतात आणि सेंटिमॉर्गनचा आकडा फुगतो. पणजोबा समान वाटणारा माणूस प्रत्यक्षात पाच-सहा पिढ्या दूर असू शकतो. अशा समाजात एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब सलग तुकड्यावर भर द्या आणि पाच-सात सेंटिमॉर्गनचे लहान तुकडे सोडून द्या. शिवाय या साठ्यांत युरोपीय वंशाचे लोकच बहुसंख्य आहेत. भारतीय नमुन्याला एकही जवळची जुळणी न मिळणं नेहमीचंच आहे.

मधल्या फांदीतल्या एखाद्या नातेवाइकाचा नमुना हवा असेल तर त्याला कशासाठी ते स्पष्ट सांगून, लेखी संमतीने घ्या. जीइडीमॅचने मे २०१९ मध्ये नियम बदलला आणि पोलिसांच्या शोधासाठी ज्यांनी स्वतः होकार दिला आहे त्यांचीच माहिती उघडी ठेवली. हे योग्यच झालं. कुणाच्या तरी आजीने हौसेने केलेली चाचणी तिच्या नकळत तपासात वापरणं टिकणारं नाही.

नाव मिळाल्यानंतर

वंशावळीतून मिळते ती फक्त दिशा. अटक त्यावर करू नका आणि आरोपपत्रात पुरावा म्हणून ती मांडू नका. दोन कामं एकदम सुरू करा.

पहिलं, त्या माणसाला निर्दोष ठरवण्याचा प्रामाणिक प्रयत्न. नोकरी, घर, गाडी, लग्न, रुग्णालय, तुरुंग या सगळ्या नोंदी तारखेवार लावा आणि प्रत्येक गुन्ह्याच्या रात्री तो कुठे होता ते पाहा. एखाद्या तारखेला तो निश्चितपणे दुसरीकडे असेल, तर ते प्रकरण कोणत्या पायरीवर होतं ते आधी तपासा. डीअँजेलो १९७३ ते १९७६ एक्सिटर आणि नंतर १९७९ पर्यंत ऑबर्न इथे पोलीस होता. दुकानातून हातोडा आणि कुत्र्यांना दूर ठेवणारं औषध चोरल्याबद्दल १९७९ मध्ये त्याची नोकरी गेली, आणि गुन्ह्यांची जागा दक्षिणेकडे सरकली तीही त्याच वर्षी. असा मेळ सूचक असतो, पण निर्णायक म्हणून त्याकडे पाहू नका.

दुसरं, थेट तुलनेसाठी नमुना. अमेरिकेत रस्त्यावर ठेवलेल्या कचऱ्यावर खासगीपणाचा हक्क सांगता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निर्णय आहे. पथकाने आधी डीअँजेलोच्या गाडीच्या दाराच्या कडीवरचा नमुना घेतला. कडीला अनेकांचे हात लागतात, त्यामुळे त्यात मिश्रण निघालं. जुळणी जोरदार होती, तरी खातरी करण्यासाठी पथक थांबलं. मग त्याच्या कचऱ्यातल्या कागदी रुमालावर एकाच माणसाचा स्वच्छ आराखडा मिळाला. अटकेनंतर तोंडाच्या आतून रीतसर नमुना घ्या आणि घटनास्थळाच्या मूळ नमुन्याशी एसटीआर तुलना पुन्हा करा. कोर्टात उभी राहते ती ही तुलना.

कोणत्या कलमाखाली खटला भरायचा हे अटकेआधी ठरवा. कॅलिफोर्नियात त्या बलात्कारांच्या खटल्याची मुदत केव्हाच संपली होती. म्हणून सरकारी पक्षाने तेरा खुनांबरोबर लुटीसाठी अपहरणाचे तेरा आरोप लावले, ज्यांना ती अडचण नव्हती. २९ जून २०२० रोजी त्याने ते कबूल केले, आणि मुदत संपलेले अनेक गुन्हेही मान्य केले. ऑगस्टमध्ये पॅरोलविना जन्मठेप झाली. कबुलीच्या बदल्यात फाशीची मागणी सोडताना सरकारी वकिलांनी ही अट घातली होती की बाकीच्या पीडितांचे गुन्हेही त्याने भर कोर्टात मान्य करावेत. ज्यांचा खटला कधीच उभा राहणार नव्हता त्या स्त्रियांसाठी ही अट फार मोलाची होती.

साक्षीदारांना भेटताना जुना जबाब आधी वाचून दाखवू नका. आज काय आठवतं ते सलग बोलू द्या, ध्वनिमुद्रण करा, मग जुन्याशी ताडा. संशयिताचा फोटो एकटा दाखवू नका, आणि दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातला संशयित कोण हे माहीत नसावं. घरच्यांशी बोलायला एकच माणूस नेमा आणि तो बदलू नका. अटकेची बातमी त्यांना वाहिन्यांच्या आधी त्याच माणसाच्या तोंडून कळली पाहिजे.

महाराष्ट्रातल्या फाइलींसाठी

आपल्याकडे खुनाच्या खटल्याला मुदतीचं बंधन नाही. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, अशा प्रकरणात पोलीस ‘अ समरी’ पाठवतात. ती मंजूर झाली तरी नवा पुरावा मिळाल्यावर पुढील तपास करता येतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ (८) मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ (९) मध्ये आहे. खरा धोका असतो तो समरीनंतर मुद्देमालाची विल्हेवाट लावण्याच्या आदेशात. समरीचा अहवाल पाठवतानाच रक्ताचे, वीर्याचे, केसांचे नमुने आणि कपडे जपून ठेवावेत, असा स्वतंत्र अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे करा आणि त्याची प्रत प्रयोगशाळेलाही द्या. जुनी फाइल असेल तर समरीच्या आदेशातला मुद्देमालाबाबतचा परिच्छेद सर्वांत आधी वाचा. ‘नाश करावा’ असं लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष नाशाचा पंचनामा सापडेपर्यंत वस्तू संपली असं धरू नका. आदेश झालेला आणि अंमल राहून गेलेला मुद्देमाल मालखान्यात आढळतो.

डीएनए माहितीसाठ्याचं विधेयक केंद्र सरकारने २०२३ मध्ये मागे घेतलं. २०२२ च्या ओळख कायद्याने जैविक नमुने घेण्याची तरतूद आहे, पण कोडिससारखा साठा हाताशी नाही आणि वंशावळीचा मार्ग वर सांगितलेल्या कारणांनी अरुंद आहे. म्हणजे इथे भर द्यावा लागेल तो माहीत असलेल्या संशयितांशी थेट तुलनेवर, आणि त्याआधी शेजारच्या जिल्ह्यांतल्या ‘अ समरी’ झालेल्या फाइली एका तक्त्यात आणण्यावर. सुरुवात करायची तर एका परिक्षेत्रातल्या, एकाच दशकातल्या, स्त्रियांच्या न उलगडलेल्या खुनांपासून करा, आणि पहिला रकाना मुद्देमालाच्या आजच्या जागेचा ठेवा.